तीन किलो हळदीचा उजेड

बेंबळी,
रविवार, सकाळी स्वयंपाक उरकून

आदरणीय वन्सं द्वारकाबाई यांना,
धाकट्या भावजयीचा, म्हणजे नंदाचा, सविनय जयभीम.

इकडं सगळे खुशाल आहेत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. खरं तर खुशाल फक्त तुमचे भाऊ आहेत, कारण त्यांना अजून काही माहीत नाही. तुमच्या उजव्या डोळ्याची पट्टी निघाली, आणि इतके दिवस जे सगळं पिवळट दिसत होतं ते आता स्वच्छ पांढरं दिसायला लागलं, असं आमच्या पोराकडून, प्रसेनजितकडून, कळलं. (मला तुम्ही स्वतः सांगितलं नाही. त्यात तुमची काहीच चूक नाही.) औषधाचे थेंब वेळेवर घालत असाल, वाकून काही उचलत नसाल, काळा चष्मा लावत असाल. चौतीस वर्षं नर्सची नोकरी करून तुम्ही अख्ख्या तालुक्याला हे सांगितलं आणि आता मी तुम्हाला सांगतेय, हा आगाऊपणा आहे. पण मुद्द्यावर यायला जेवढा उशीर होईल तेवढा बरा म्हणून विचारपूस लांबवतेय. गुडघे कसे आहेत? परंड्याला नळाचं पाणी किती दिवसाआड येतंय? किल्ल्याकडून माकडं येऊन पापड नेतात असं तुम्ही म्हणत होता, त्यांचा काही बंदोबस्त झाला का?

तुम्ही म्हणाल, घरात तीन मोबाइल असताना ही बाई कागद कशाला खराब करतीय. त्याचं कारण असं, की फोनवर तुमचा आवाज ऐकला की मला खोटं सुचतं. सगळा दोष माझा नाही (बराचसा आहे). तुम्ही ‘हं, बोल’ म्हणता आणि मग काखेत थर्मामीटर ठेवल्यावर नर्स गप्प उभी राहते तशा गप्प बसता. त्या शांततेत माझ्या तोंडून काहीही निघतं. कागदावर तसं होत नाही. खोटं लिहायला लागले की माझं अक्षर तिरकं जातं, हे मला शाळेपासून माहीत आहे. तरीही कुठं तिरकं दिसलंच, तर तेवढं वाक्य धरू नका.

तर आता एका दमात लिहून टाकते. प्रसेनजितचं लग्न ठरलेलं नाही. ठरवून तुमच्यापासून लपवलेलंही नाही. आणि तुम्ही मागितलेलं सासूबाईंचं पांढरं लुगडं बसप्पाकडं इस्त्रीला दिलेलं नाही. ते कधीच दिलं नव्हतं. ते लुगडं आता लुगडं म्हणून राहिलेलं नाही. आणखी एक गोष्ट आहे, ती याहून वाईट आहे, पण ती लिहायला अजून धीर आलेला नाही. लिहिता लिहिता येईल असं वाटतंय.

हे सगळं गोधडीमुळं झालं. दिवाळीत प्रसेनजित पुण्याहून आला तेव्हा त्यानं मला मोबाइलवर परदेशातल्या बायका दाखवल्या. माझ्या वयाच्या, कुणीकुणी तर तुमच्या वयाच्या. त्या स्वतः कापड रंगवतात, त्याचे तुकडे करतात आणि गोधडी शिवतात. पण ती अंगावर घेत नाहीत, भिंतीला टांगतात. एकीनं तर नुसती खिडकीतून फरशीवर पडलेली उन्हाची तिरीप शिवली होती. दुसरं काही नाही, फक्त ऊन. लोक तिच्यापुढं उभे राहून बघत होते. तुमच्या भावानं मागून डोकावून विचारलं, “भिंतीला थंडी वाजती व्हय?” आणि ते हसत बाहेर गेले. मला मात्र हसू आलं नाही. वन्सं, तीस वर्षं मी या गावात ब्लाउज शिवले. दुसरीच्या मापानं कापड कापलं, दुसरीच्या पसंतीच्या गळ्यानं शिवलं, आणि काखेत घट्ट होतंय म्हणून उसवलं. घरात कातरणांची पोती भरली. आपणही एकदा काही तरी विनामापाचं शिवावं, जे कुणाला घट्टही होणार नाही आणि सैलही होणार नाही, असं मला त्या दिवशी फार वाटलं. एवढंच मूळ आहे. बाकीचं सगळं त्याला फुटलेलं आहे.

गोधडीचं नाव मी कापड आणण्याआधीच ठरवलं होतं: ‘उजेड’. हे नाव तुमच्यावरूनच सुचलं. लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही सुट्टीला माहेरी आलात की दारातूनच विचारायचात, “काय नंदा, आज काय उजेड पाडला?” आणि मी करपलेलं पिठलं नाही तर उलटी लावलेली बाही पदराआड लपवायचे. तेव्हा म्हटलं, आता खरंच उजेड पाडून दाखवू. नावात थोडा टोमणा होता. तो मी परत घेते.

विकतच्या रंगानं उजेड येत नाही, तो कापडावर नुसता बसून राहतो. रंग आपण करायचा, असं त्या बायकांचं म्हणणं. म्हणून मी रंग करायला लागले. ज्यूसच्या गाड्यावरून डाळिंबाच्या साली गोळा करून आणल्या, त्या उकळल्या की मातकट रंग येतो. काळ्यासाठी गंजलेले खिळे गुळाच्या पाण्यात घालून पंधरा दिवस आंबवायचे असतात. ते गाडगं मी पलंगाखाली ठेवलं. चौथ्या दिवसापासून तुमच्या भावाला घरात उंदीर मेल्याचा वास येऊ लागला. त्यांनी कपाट सरकवलं, कणगी उपसली, शेवटी शेजारच्यांशी भांडून आले की तुमच्याकडंच मेलाय. मी गप्प बसले. (तेव्हापासूनच मला गप्प बसायची सवय लागली असावी.) आणि उगवत्या उजेडासाठी हळद. आपल्या घरात हळदीहून पिवळं दुसरं काय असतं? गुंडाप्पाच्या दुकानात गेले आणि तीन किलो हळद मागितली.

आता गुंडाप्पाचा तसा काही दोष नाही. तीन किलो हळद गावात दोनच कारणांनी जाते, लोणच्याला नाही तर लग्नाला, आणि कैऱ्यांना अजून अवकाश होता. त्यानं पुडा बांधता बांधता विचारलं, “मग, मुहूर्त कवाचा धरलाय?” माझं सगळं ध्यान गोधडीत. मी म्हटलं, “सूर्य उगवतानाचा.” झालं. संध्याकाळपर्यंत बेंबळीत, आणि दुसऱ्या दिवशी परंड्यात, प्रसेनजितचं लग्न वेळेसकट जाहीर झालं. तुमचा फोन आला तेव्हा मी हळदीत कोपरापर्यंत होते. तुम्ही जे बोललात ते अजून माझ्या कानात आहे, “नंदा, आपल्यात मुहूर्त कवापासून बघाय लागले? अन् हळद कशाला पायजे? आई असती तर तिनं चालू दिलं असतं का?” मी म्हणत होते, लग्नच नाही वन्सं, आणि तुम्ही म्हणत होता, माझ्यापासून लपवू नकोस. मग तुमचा आवाज एकदम मऊ झाला. तुम्ही म्हणालात, जाऊ दे, पोराचं चांगलं होतंय ना, मग आईचं ते पांढरं लुगडं ट्रंकेतनं काढून ठेव, आईच्या जागी मी ते नेसून उभी राहीन.

वन्सं, तुम्ही हे म्हणत होता तेव्हा ते लुगडं माझ्यासमोर पातेल्यात होतं.

कसं झालं ते सांगते. हे सांगितल्यानं माझी बाजू सुधारेल असं नाही, पण तुम्ही पेशंटला आधी सगळं विचारून घेता आणि मगच रागावता, हे मी पाहिलं आहे. बाजारातून आणलेला मांजरपाट मी आधी रंगवला. त्यात खळ होती, हळद धड बसेना, अंगावर पित्त उठल्यासारखे चट्टे आले. वर मी तो साबणानं धुतला, आणि हळदीला साबण लागला की काय होतं ते तुम्हाला माहीत आहेच, सगळं लालभडक झालं. उगवतीच्या जागी कुणाचं तरी ऑपरेशन झाल्यासारखं दिसायला लागलं. मोबाइलवरची बाई सांगत होती, जुनं, पुष्कळ वेळा धुतलेलं, निव्वळ सुती पांढरं कापड घ्या. माझ्याकडं पांढऱ्या दोन साड्या, दोन्हींत नायलॉन. मग मला ट्रंक आठवली. मी फक्त बघायला म्हणून उघडली. डांबरगोळ्यांचा वास आला, आणि ते हाताला इतकं मऊ लागलं की मी ते गालाला लावलं. मनात म्हटलं, आतल्या बाजूची एक पट्टी घेऊ, नेसल्यावर ती दिसतही नाही. पट्टीला रंग असा चढला वन्सं, की मी चुलीपुढं उभी राहून एकटीच हसले. मग दुसरी पट्टी घेतली. मग असं वाटलं की आता हे नेसता येणारच नाही, तर अर्धवट ठेवून काय करायचं. नऊवार लुगडं संपायला चार दिवस लागले. शेवटी हातभर उरलं होतं, त्यानं मी खिळ्यांचं पाणी गाळलं. हे शेवटचं वाक्य मी दोनदा खोडलं आणि दोनदा परत लिहिलं.

मला ते कोणतं लुगडं आहे हे माहीत नव्हतं, असं मी लिहिणार होते. मला माहीत होतं. माझं लग्न होऊन दोनच वर्षं झाली होती, त्या दसऱ्याला आपल्या वस्तीतल्या अकरा बायका नागपूरला दीक्षाभूमीवर निघाल्या. सगळ्यांनी एकाच ताग्यातली, निळ्या काठाची पांढरी लुगडी घेतली. तिकडं धुणं वाळत घातल्यावर कुणाचं कोणतं ओळखू यायचं नाही, म्हणून प्रत्येकीनं पदराच्या टोकाला दोऱ्यानं आपापली खूण घातली. कुणी फुली मारली, कुणी तीन टिपके काढले. सासूबाई म्हणाल्या, मी नाव घालणार. त्याच वर्षी त्या साक्षरतेच्या वर्गाला जाऊन नाव लिहायला शिकल्या होत्या, साठाव्या वर्षी. माझ्या मशीनला त्या दिवशी पिवळा दोरा होता, तोच मी सुईत ओवून दिला. दिवसभर ओसरीत बसून त्यांनी नाव शिवलं, आणि ‘भि’ला पहिली वेलांटी द्यायच्या ऐवजी दुसरी दिली. भीमाबाई. वर्गाच्या मास्तरांच्या वहीत पहिली होती. त्यांनी त्यावरून किती वेळा टोकलं होतं, आणि सासूबाईंनी शेवटी त्यांना काय विचारलं ते तुम्हाला आठवत असेल, “मास्तर, नाव माजं हाय का तुमच्या वहीचं?” तुम्हीही तेव्हा सुट्टीला आला होता. लुगडं हातात घेऊन म्हणालात, आई, वेलांटी चुकली, उसव. त्यांनी उसवलं नाही. (जयभीममध्येही दुसरीच असते, हे तेव्हा आपल्या कुणाच्या ध्यानात आलं नाही.) त्यांनी आयुष्यात सही सोडून दुसरीकडं कुठं काही लिहिलेलं मला माहीत नाही. त्या गेल्यावर वाटणीच्या वेळी तुम्ही ते लुगडं स्वतः घडी करून माझ्या ट्रंकेत ठेवलं आणि सगळ्यांसमोर म्हणालात, हे नंदाकडं राहू द्या, शेवटी तिनंच आईचं केलं. किल्लीही तुम्हीच माझ्या हातात दिली. आणि पुढं तुम्ही फोन केलात तेव्हा मी काय सांगितलं, तर ट्रंकेची किल्ली सापडत नाही.

मग किल्ली सापडली का म्हणून तुमचा फोन आला. मी सांगितलं, लुगड्याला ऊन द्यायला टाकलंय. तिसऱ्या वेळी, अगदी अलीकडं, सांगितलं, बसप्पाकडं इस्त्रीला दिलंय, पण तो जळकोटला सासरी गेलाय, कधी येईल सांगता येत नाही. मला काय ठाऊक, की बसप्पाच्या बायकोची दोन्ही बाळंतपणं तुमच्या हातची आहेत आणि त्याचा नंबर तुमच्याकडं आहे! त्यानं फोन दुकानातूनच उचलला म्हणे, इस्त्री करता करता. त्यानंतर तुम्ही मला फोन केला नाही. आज दहा दिवस झाले. तुम्ही रागावून चार शब्द बोलला असता तर मी रडून मोकळी झाले असते. या दहा दिवसांत मी ब्लाउजचे दोन गळे उलटे कापले.

पण गोधडीचं पुढं काय झालं ते राहिलंच. नाव असलेलं टोक टाकून द्यायचा मला धीर झाला नाही, आणि वेगळं जपून ठेवावं तर कधी तरी कुणाला सापडलं असतं. म्हणून मी ते हळदीत तीनदा बुडवलं आणि सूर्याच्या बरोबर मधोमध लावलं. (लपवायची वस्तू मधोमध लावणारी बाई तुम्ही दुसरी पाहिली असेल असं वाटत नाही.) पिवळ्या कापडावर पिवळा दोरा, दोन बोटांवरूनही दिसत नव्हता. त्याच्याभोवती गडद पिवळ्या पट्ट्या, मग फिकट, मग डाळिंबाच्या सालीचा मातकट, आणि कडेला खिळ्यांचा काळा. लुगड्याचा निळा काठ हळदीत हिरवा झाला होता, त्याचं मी उजेडाखालचं शेत केलं. दोन महिने धावदोरा घालत होते. बोटांना भोकं पडली, चष्म्याचा नंबर वाढला. आमच्या शेजारच्या सारजाबाई, ज्यांनी आयुष्यात शंभर तरी वाकळा शिवल्या असतील, त्या एकदा येऊन बसल्या, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाल्या, “चांगलं दिसतंय बाई. पर हळद उन्हात टिकती व्हय?” वन्सं, पदरावर वरण सांडलं तर आपण काय करतो? डाग उन्हात टाकतो. संध्याकाळी डाग गेलेला असतो. हे बेंबळीतल्या दुसरीतल्या पोरीलाही ठाऊक आहे. आणि मी सारजाबाईंना काय सांगितलं असेल? म्हटलं, ही वाकळ नाही मावशी, ही कला आहे.  त्या चहा अर्धा ठेवून गेल्या.

धाराशिवला बायकांच्या हस्तकलेचं सात दिवसांचं प्रदर्शन होतं, तिथं मी ती गोधडी नेली. हॉलमध्ये सावलीच्या पुष्कळ भिंती होत्या. मी त्यांना सांगितलं, माझा विषय उजेड आहे, मला पूर्वेच्या खिडकीसमोरची जागा द्या. त्यांनी बिचाऱ्यांनी लगेच दिली, ती जागा कुणीच मागत नव्हतं. गोधडीखाली प्रसेनजितनं स्केचपेननं छान लिहिलेला कागद लावला, ‘उजेड रंगाला जन्म देतो’, आणि त्याखाली माझं नाव. पहिल्या दिवशी सकाळचं ऊन आत आलं तेव्हा ती गोधडी अशी पेटली वन्सं, की भाकरीच्या पिठाच्या स्टॉलवरच्या बायका उठून बघायला आल्या. एवढ्या वर्षांत माझ्या हातून झालेल्या कशाकडं कुणी तसं बघितलं नव्हतं. तेव्हा मला तुमचीही आठवण आली नाही आणि लुगड्याचीही नाही. हेसुद्धा सांगितलं पाहिजे म्हणून सांगते.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. एप्रिलमधलं आपल्याकडचं ऊन. दुसऱ्या दिवशी मला वाटलं, माझा चष्मा पुसायला झालाय. तिसऱ्या दिवशी फिकट पट्ट्या पांढऱ्या झाल्या आणि गडद होत्या त्या फिकट झाल्या. चौथ्या दिवशी शेताचं हिरवं जाऊन परत निळा काठ झाला. मी जागा बदलून मागितली, तर ते म्हणाले, बाई, तुम्हीच तर भांडून घेतलीत. (भांडले नव्हते, पण तसं वाटलं असेल.) पडद्यासाठी मी घरून चादर नेली, ती त्यांनी विक्रीची समजून तिच्यावर चिठ्ठी लावली. मग मी रोज पहिल्या बसनं जाऊन खिडकी आणि गोधडी यांच्या मधे उभी राहू लागले, पण माझ्या अंगाची सावली सूर्यापुरतीही पुरेना. सातव्या दिवशी सकाळी जाऊन बघते, तर सूर्य गेलेला. मधोमध स्वच्छ पांढरं कापड, आणि त्यावर सासूबाईंचं नाव. पिवळा दोरा पक्क्या रंगाचा निघाला. दुसऱ्या वेलांटीसकट सगळी अक्षरं लख्ख, कालच शिवल्यासारखी. वन्सं, मी तिथंच खाली बसले. लोकांना वाटलं, उन्हानं चक्कर आली. मला वाटलं, सासूबाई ओसरीतून उठून सरळ माझ्यासमोर आल्या, आणि आता विचारतील. इतकी लाज मला लग्नानंतर करपलेल्या पिठल्याचीही वाटली नव्हती.

तर असं झालं. ती गोधडी आता माझ्याकडं परत आली आहे. पांढरी आहे, निळे काठ आहेत, कडेला मातकट आणि काळं आहे. उसवून लुगडं परत जोडता येईल का म्हणून मी सगळे तुकडे नजरेनं जुळवून बघितले. नाही येत. मी तुमच्या आईंचं लुगडं कापलं, ते कोणतं आहे हे माहीत असून कापलं, आणि तुम्हाला तीनदा खोटं सांगितलं. हे तीस वर्षं माप घेऊन कापड कापणाऱ्या बाईनं केलं, म्हणजे हात चुकला असंही म्हणता येत नाही. मी माफी मागते. तुम्ही देणार नाही म्हटलं तरी मागते. रंगाचं सगळं सामान मी गुंडाळून ठेवलं आहे, खिळ्यांचं पाणी उकिरड्यावर ओतलं आणि तुमच्या भावाला सांगितलं की उंदीर सापडला.

डोळ्याला जपा. मोठ्यांना जयभीम, लहानांना गोड पापा.

तुमची,
नंदा

ता. क. धीर आला, म्हणून आता ती राहिलेली गोष्ट लिहिते. त्या सातव्या दिवशी परीक्षक बाई आल्या. मी गोधडीसमोर पदर पसरून उभी होते, त्यांनी मला बाजूला व्हायला सांगितलं. बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, रंग उजेडाचा होता, तो उजेडाला परत देऊन टाकला, असं काम मी आजवर पाहिलं नाही. मला वाटलं थट्टा करताहेत, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. प्रसेनजितचं स्केचपेनही तोवर उन्हानं खाल्लं होतं, खालचा कागद कोरा दिसत होता. म्हणून त्यांनी गोधडीवरचंच नाव वाचलं आणि मला विचारलं, “भीमाबाई तुम्हीच का?” वन्सं, मी ‘हो’ म्हणाले. आडनाव विचारलं ते खरं सांगितलं. ते आम्हा दोघींचं एकच आहे. लुगडं कापलं ते कापलंच, पण नाव तरी त्यांचं त्यांना राहू द्यायचं होतं. तेही मी तोंडानं घेऊन टाकलं. पत्रात वर कुठं याची कबुली नव्हती, कारण यावर काय लिहायचं ते मला कळत नव्हतं. अजूनही कळलेलं नाही.

ता. क. आणखी. गोधडीला पहिलं बक्षीस मिळालं. यादी छापून आली आहे, ती सोबत पाठवते. तुमच्या नव्या डोळ्यानं पहिली ओळ वाचा. भीमाबाई, दुसरी वेलांटी. त्यांनी गोधडीवरून जसंच्या तसं उतरवून घेतलं. रेशनकार्डावर, मतदार यादीत, मास्तरांच्या वहीत, अगदी मृत्यूच्या दाखल्यावरही पहिलीच आहे, मी काल सगळे कागद काढून बघितले. त्या लिहायच्या तसं त्यांचं नाव छापलेला हा पहिलाच कागद. बुद्धपौर्णिमेनंतरच्या रविवारी, सकाळी अकरा वाजता, त्याच हॉलमध्ये हे नाव माइकवर पुकारणार आहेत. मी त्या बाईंना फोन करून खरं काय ते सांगितलं. त्यांनी आधी सगळं विचारून घेतलं (तुमच्यासारखंच), आणि म्हणाल्या, मग भीमाबाईंच्या घरातलं कुणी तरी येऊ द्या, नाव बदलायचं नाही. मी स्टेजवर जाणार नाही, माझे पाय उचलायचे नाहीत. तुम्ही आईच्या जागी उभी राहीन म्हणाला होता. लग्न नाही, पण जागा तीच आहे. याल का? पत्र लिहायचं खरं कारण हे होतं. बाकीचं सगळं सांगितल्याशिवाय हे मागायला तोंड नव्हतं.

ता. क. शेवटचं. याल तर पांढरी साडी नेसून या. फक्त आदल्या दिवशी आमच्याकडं मुक्कामाला येऊ नका, आलात तर साडी अंगावरच ठेवा. मी बरी झाले आहे असं मला स्वतःलाही अजून खात्रीनं सांगता येत नाही.